मुन्शी नवल किशोर : उद्ध्वस्त लखनऊतील छापखाना
लखनऊ : १८५७ च्या उठावानंतर लखनऊ उद्ध्वस्त झाले होते, नवाबी आश्रय संपल्याने कातिब आणि विद्वान निराधार होते. अशा शहरात लाहोरला छपाई शिकलेल्या बावीस वर्षांच्या नवल किशोर यांनी १८५८ मध्ये छापखाना काढला आणि त्यांनाच कामाला लावले. सरकारी छपाई आणि पाठ्यपुस्तकांतून खात्रीची रोकड येई. तिच्या बळावर स्वस्त कुराण, हिंदू धर्मग्रंथ, गालिबचे फारसी काव्य शिळाछापावर निघाले. या आश्रयामुळे त्यांचे ‘अवध अखबार’ इंग्रजांबाबत मवाळ राहिले, हा आक्षेप मात्र खोडता येत नाही. पुढे कागदासाठी इतरांवर विसंबावे लागू नये म्हणून त्यांनी लखनऊच्या कागद गिरणीतही भांडवल गुंतवले. १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले.