सिडने बार्न्स : एका गोलंदाजाचें चरित्र

क्रिकेटच्या खेळांत शतक काढणाऱ्या फलंदाजाचें नांव तेव्हांच सर्वांच्या तोंडीं होतें. परंतु दिवसभर उन्हांत चेंडू टाकून ज्यानें सामना जिंकून दिला, त्या गोलंदाजाची आठवण फार थोडे लोक ठेवतात. त्यांतही गोलंदाजाचा पाय एकदां जायबंदी झाला म्हणजे तो संपला, असें समजण्याचा प्रघात आहे. शाळेच्या मैदानावरही असे प्रसंग वारंवार येतात. एखादा विद्यार्थी पडतो, गुडघ्यास पट्टी बांधून आठ-पंधरा दिवस घरीं बसतो, आणि पुढें मैदानाकडे फिरकतही नाहीं. घरचीं वडील माणसें, एक कटकट मिटली, असें म्हणून समाधान मानतात. अशा विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं ज्याचें चरित्र अवश्य वाचावें असा एक गोलंदाज इंग्लंडांत होऊन गेला. त्याचें नांव सिडने फ्रान्सिस बार्न्स.

बार्न्सचा जन्म १९ एप्रिल १८७३ रोजीं इंग्लंडच्या मध्यभागीं असलेल्या स्टॅफर्डशर परगण्यांत, स्मेथिक येथें झाला. हें गांव बर्मिंगहॅम शहरास लागूनच असून तेथील हवा कारखान्यांच्या धुरानें भरलेली असे. त्याचे वडील बर्मिंगहॅमच्या एका धातूच्या कारखान्यांत नोकरीस होते. पांच भावंडांच्या त्या कुटुंबांत श्रीमंती नव्हती. बार्न्स लहानपणीं गांवच्या सामान्य संघांतून खेळूं लागला. चेंडू उजवीकडून आंत वळविण्याची कला त्याला एका जुन्या खेळाडूनें शिकविली. उलट दिशेनें बाहेर वळविण्याची कला मात्र त्यानें स्वतःच्या खटपटीनें साध्य केली. तो अंगानें उंच व हाडापेरानें मजबूत होता, आणि त्याचीं बोटें विलक्षण बळकट होतीं. साधारणतः सावकाश चेंडू टाकणारेच चेंडू वळवितात. परंतु बार्न्स वेगानें टाकलेला चेंडूही बोटांच्या जोरावर दोन्हीं बाजूंस वळवी. हेंच त्याचें वैशिष्ट्य होय.

त्या काळीं इंग्लंडच्या क्रिकेटमध्यें एक प्रकारचा जातिभेदच होता. हौसेनें खेळणारे ते सभ्य गृहस्थ, आणि वेतन घेऊन खेळणारे ते केवळ खेळाडू, असे दोन वर्ग मानले जात. पुष्कळ मैदानांवर दोघांच्या बसण्याच्या खोल्या निराळ्या, मैदानांत उतरण्याच्या वाटा निराळ्या, आणि छापील पत्रकांत नांवें लिहिण्याची रीतही निराळी असे. हा भेद १९६२ सालीं कायमचा रद्द झाला. बार्न्सला पोटासाठीं वेतन घेणें भाग होतें. परंतु वेतन घेतो म्हणून आपण कमी योग्यतेचे ठरतों, हें त्याच्या मनाला कधींच पटलें नाहीं. त्याच्या आयुष्यांतील पुष्कळशा गोष्टींचा उलगडा ह्या एका बाबीनें होतो.

वॉरिकशर परगण्याच्या संघाकडून तो १८९४ ते १८९६ ह्या काळांत मोजकेच सामने खेळला. पण त्यांत त्याला यश आलें नाहीं. १८९५ सालीं तो लँकेशरमधील रिश्टन ह्या गिरणगांवीं गेला. तेथें दर शनिवारीं दुपारीं गांवोगांवच्या संघांचे सामने होत आणि गिरण्यांतील कामकरी मोठ्या उत्साहानें तें पाहावयास जमत. प्रत्येक संघ पगारी खेळाडू ठेवी. आठवड्यांत मैदानाची निगा राखावी आणि शनिवारीं गडी बाद करावे, असें त्याचें काम. बार्न्स पांच वर्षें रिश्टन येथें व नंतर बर्नली येथें ह्या रीतीनें खेळला. मोठ्या वर्तमानपत्रांत त्याचें नांव क्वचितच येई.

१९०१ सालीं इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघावयाचा होता. यॉर्कशरनें आपले हर्स्ट व ऱ्होड्स हे दोन नामांकित गोलंदाज पाठविण्यास नकार दिला होता, म्हणून कर्णधार मॅक्लॅरेन नव्या गोलंदाजाच्या शोधांत होता. त्यानें बार्न्सला मँचेस्टरच्या मैदानावर बोलावून सरावांत त्याची परीक्षा घेतली, लँकेशरच्या हंगामांतील अखेरच्या सामन्यांत त्याला खेळविलें, आणि तेवढ्यावरच त्याची दौऱ्यासाठीं निवड केली. ही निवड ऐकून जाणते लोक चकित झाले, कारण बार्न्सचे वरच्या दर्जाचे सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच झालेले होते.

परंतु मॅक्लॅरेनची पारख खरी ठरली. डिसेंबर १९०१ मध्यें सिडनी येथील पहिल्या कसोटी सामन्यांत बार्न्सनें पहिल्याच डावांत ६५ धावांत पांच गडी बाद केले, आणि इंग्लंड विजयी झालें. नववर्षाच्या दिवशीं मेलबर्न येथें सुरू झालेल्या दुसऱ्या सामन्यांत त्यानें ४२ धावांत सहा आणि १२१ धावांत सात असे एकूण तेरा गडी बाद केले. ह्या दुसऱ्या डावांत त्यानें साठांहून अधिक षटकें टाकलीं! संघांत त्याच्या तोडीचा दुसरा गोलंदाज नव्हता. कर्णधार पुन्हां पुन्हां त्याच्याच हातीं चेंडू देई आणि तोही नाहीं म्हणत नसे.

ह्या अतिश्रमाचें फळ पंधरा-वीस दिवसांतच भोगावें लागलें. जलद चेंडू टाकतांना गोलंदाजाच्या शरीराचा सारा भार क्षणभर पुढल्या पायावर आदळतो. तो भार त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो आणि तो मुख्यत्वें गुडघ्यास सोसावा लागतो. असे शेंकडों आघात रोजच्या रोज सोसून पाय थकल्यावर काय होणार? ॲडलेड येथील तिसऱ्या कसोटींत अवघीं सात षटकें टाकून होतात तोंच बार्न्सचा गुडघा निकामी झाला, व त्याला मैदान सोडावें लागलें. दोन सामन्यांत एकोणीस गडी बाद करणाऱ्या ह्या वीराला त्या मालिकेंत पुन्हां चेंडू टाकतां आला नाहीं. इंग्लंडनें मेलबर्नचा सामना गमावला होताच. पुढचे तीनही सामने गमावून मालिकाही घालविली. उदयाबरोबरच अस्त व्हावा असा तो प्रसंग! बार्न्सचें वय त्या वेळीं अठ्ठावीस वर्षांचें होतें, आणि गुडघा दुखावलेल्या पगारी खेळाडूला पोसणारा धनी कोणी नव्हता.

तरीही सहा महिन्यांच्या आंत तो पुन्हां कसोटीच्या मैदानावर उभा राहिला. १९०२ च्या जुलैमध्यें शेफील्ड येथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळतांना त्यानें पहिल्या डावांत ४९ धावांत सहा गडी टिपले. इतकें होऊनही त्याला लगेच वगळण्यांत आलें, आणि पुढें पांच वर्षें कसोटीसाठीं कोणी त्याला बोलाविलें नाहीं. ह्यांत कांहीं दोष त्याचाही होता. तो फारसा बोलत नसे, मनांतील नाराजी लपवीत नसे, आणि कर्णधाराची आज्ञा चुकीची वाटल्यास ती नाराजी त्याच्या चर्येवर स्पष्ट उमटे. निवड करणारांना असा माणूस नकोसा वाटे.

१९०३ सालीं लँकेशरच्या वतीनें त्यानें १३१ गडी बाद केले. येवढ्या यशानंतर दुसरा कोणीही तेथेंच चिकटून राहिला असता. पण बार्न्सनें हिशेब केला. परगण्याच्या संघांत आठवड्याचे सहा दिवस उन्हांतान्हांत राबावें, वेतन बेताचें घ्यावें, आणि शरीर थकल्यावर पुढची सोय नसावी, ही स्थिति त्याला पत्करेना. हिवाळ्यांत कायमचें काम मिळेल अशी हमी लँकेशरकडून न मिळाल्यामुळें त्यानें करारावर सही केली नाहीं. तो शनिवारच्या सामन्यांकडे परतला, आणि १९०४ पासून आपल्या जन्मभूमीच्या, म्हणजे स्टॅफर्डशरच्या, लहानशा संघांतून खेळूं लागला. हा माणूस मोठेपणाला मुकला, असें लोक म्हणूं लागले. परंतु रोजच्या दगदगीपासून सुटलेलें शरीर वर्षानुवर्षें टवटवीत राहिलें, आणि मोडलेल्या गुडघ्याचा हाच गोलंदाज वयाबरोबर अधिकाधिक भेदक होत गेला.

१९०७-०८ च्या दौऱ्यासाठीं त्याला पुन्हां बोलावणें आलें, तेव्हां तो चौतीस वर्षांचा होता. त्या मालिकेंत त्यानें चोवीस गडी बाद केले, आणि मेलबर्नच्या सामन्यांत तर बॅट हातीं घेऊन नाबाद ३८ धावा काढून इंग्लंडला एका गड्यानें विजय मिळवून दिला. त्याची खरी कीर्ति झाली ती १९११-१२ च्या दौऱ्यांत. पहिल्या सामन्यांत कर्णधार डग्लस ह्यानें नवा चेंडू बार्न्सला न देतां स्वतः घेतला. बार्न्सला तें फार झोंबलें, आणि तो सामना इंग्लंड हरलें. डग्लसनें आपली चूक दुरुस्त केली. ३० डिसेंबर १९११ रोजीं मेलबर्न येथें दुसरा सामना सुरू झाला, तेव्हां नवा चेंडू बार्न्सच्या हातीं होता. त्या दिवशीं त्याची प्रकृति बरी नव्हती. असें असूनही बार्ड्स्ले, केलवे, हिल व आर्मस्ट्राँग हे चार बिनीचे फलंदाज त्यानें एकामागून एक तंबूंत धाडले; ऑस्ट्रेलियाच्या धावा होत्या अवघ्या अकरा! मिनेट हा पांचवा गडी बाद झाला तोंपर्यंत बार्न्सच्या चेंडूंवर सहाच धावा निघाल्या होत्या. प्रेक्षक आरडाओरडा करूं लागले, तेव्हां चेंडू खालीं टाकून, हाताची घडी घालून तो शांतपणें उभा राहिला. गलबला थांबल्यावरच त्यानें पुढचा चेंडू टाकला. इंग्लंडनें तो सामना व पुढचे तीनही सामने जिंकले. ज्या शहरांतील अतिश्रमानें दहा वर्षांपूर्वीं त्याचा पाय खचला, त्याच शहरांत अडतिसाव्या वर्षीं त्याचा हा गौरव झाला.

त्याच १९११ च्या उन्हाळ्यांत पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडांत खेळत होता. त्या दौऱ्यांत शंभराहून अधिक गडी बाद करणारे बाळू पाळवणकर हे बार्न्सचे समवयस्कच होत. त्यांनीं पुण्यास मैदानाची निगा राखण्याच्या नोकरींतून गोलंदाजी शिकून घेतली, आणि अस्पृश्यतेचा अपमान सोसून नांव मिळविलें. दोघांचे देश निराळे, दुःखेंही निराळीं. पण चेंडू हातीं आल्यावर फलंदाजाची जात किंवा पदवी विचारावयाची नसते, हें दोघांनीं सारखेंच दाखवून दिलें.

१९१२ सालीं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका ह्यांच्या तिरंगी सामन्यांत बार्न्सनें सहा कसोटींत ३९ गडी बाद केले. पुढच्याच हिवाळ्यांत नव्हे, तर त्यानंतरच्या, म्हणजे १९१३-१४ च्या हंगामांत, तो दक्षिण आफ्रिकेस गेला. तेथें मॅटिंगवर सामने होत. जोहान्सबर्गच्या कसोटींत त्यानें १५९ धावांत सतरा गडी बाद केले, आणि मालिकेंतील चारच सामन्यांत ४९. एका मालिकेंत इतके बळी दुसऱ्या कोणीही अद्याप घेतलेले नाहींत. परंतु पांचव्या सामन्यास तो उभाच राहिला नाहीं. पैशाच्या देण्याघेण्यावरून व्यवस्थापकांशीं त्याचें बिनसलें, आणि आपला हट्ट त्यानें सोडला नाहीं. त्याचा स्वाभिमान मोलाचा खरा. परंतु त्याच स्वाभिमानानें त्याच्या स्वभावाला एक कडवट धारही आणली, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तीच त्याची अखेरची मालिका ठरली. सत्तावीस कसोटींत मिळून त्याचे बळी १८९ झाले, आणि प्रत्येक बळीस सरासरीनें साडेसोळाहून कमी धावा लागल्या.

पहिलें महायुद्ध पेटलें तेव्हां तो एकेचाळीस वर्षांचा होता. इतर लोक ह्या वयांत जुन्या आठवणी सांगत बसतात. बार्न्सनें मात्र यॉर्कशरमधील सॉल्टेअर येथें शनिवारचे सामने खेळून चारशेंच्या वर गडी बाद केले. १९२८ सालीं वेस्ट इंडीजचा संघ वेल्समध्यें लँडडनो येथें खेळावयास आला, तेव्हां पंचावन्न वर्षांच्या बार्न्सनें वेल्सच्या वतीनें दोन डावांत मिळून बारा गडी बाद करून तरुण पाहुण्यांस थक्क केलें. स्टॅफर्डशरकडून तर साठी गांठेपर्यंत तो खेळला, आणि त्या लहान संघासाठीं त्यानें चौदाशेंहून अधिक बळी मिळविले.

त्याच्या बोटांचें कसब चेंडूपुरतेंच नव्हतें. त्याचें हस्ताक्षर अत्यंत सुंदर असे. स्टॅफर्डशरच्या काउंटी कौन्सिलासाठीं कायद्याचे दस्तऐवज वळणदार अक्षरांत उतरविण्याचें काम तो करी, व म्हातारपणींही त्यानें तें सोडलें नाहीं. १९४९ सालीं लॉर्ड्सच्या एम. सी. सी. ह्या संस्थेनें इतर जुन्या पगारी खेळाडूंबरोबर त्यालाही सन्माननीय आजीव सभासद करून घेतलें. ज्या सभ्य गृहस्थांच्या वाटेनें जाण्यास पूर्वीं त्याला मज्जाव होता, ती वाट अशा रीतीनें त्याच्यासाठीं उघडली. २६ डिसेंबर १९६७ रोजीं, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षीं, स्टॅफर्डशरमध्येंच त्याचा अंत झाला.

विद्यार्थी मित्रहो, दुखावलेल्या गुडघ्यानेंच खेळत राहावें असें ह्या चरित्रावरून कोणी समजूं नये. दुखण्यास पुरता विसावा द्यावा, वैद्याचें ऐकावें, आणि अंगांत बळ आल्यावर बेतानें पुन्हां सुरुवात करावी. पालकांनींही मुलाला मैदानापासून कायमचा तोडण्यापूर्वीं बार्न्सची आठवण करावी. ॲडलेडच्या मैदानांतून लंगडत बाहेर पडलेल्या ह्या गोलंदाजाच्या १८९ बळींपैकीं १७० बळी त्या दिवसानंतरचे आहेत.