ग्रेगॉर मेंडेल आणि घरच्या घेवड्याचे शुद्ध बियाणे

वाघ्या घेवडा, राजमा यांसारखे जुने वाण परसबागेत घरच्या बियाण्यावर टिकवताना एक अडचण हमखास येते. पेरलेले दाणे सगळे एकसारखे असतात, पण काढणीला एखाद्याच झाडाच्या शेंगांत वेगळ्या रंगाचे दाणे निघतात. असे का होते, याचे उत्तर ज्यांच्या कामातून मिळाले ते ग्रेगॉर मेंडेल स्वतः शेतकऱ्याचे पुत्र होते.

बालपण व शिक्षण

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये हाइन्झेनडॉर्फ या खेड्यात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. लहानपणीच ते वडिलांकडून फळझाडांवर कलम करायला शिकले. १८३८ मध्ये झाडाचा ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले आणि घरची शेती अडचणीत आली. धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्याच्या रकमेतील वाटा दिला, म्हणून त्यांचे शिक्षण चालू राहिले. पुढे मेंडेल यांनी तिच्या मुलांच्या शिक्षणाला मदत करून ते ऋण फेडले.

१८४३ मध्ये ते ब्रनो येथील मठात दाखल झाले. शिक्षकाची पात्रता परीक्षा ते १८५० मध्ये नापास झाले. त्यानंतर मठाने त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तिथे शिकलेले गणित आणि वनस्पतिशास्त्र त्यांनी परतल्यावर मठाच्या बागेत वापरले.

आधी बियाण्याची परीक्षा

मेंडेल यांनी लगेच संकर सुरू केला नाही. बियाणे विक्रेत्यांकडून वाटाण्याचे ३४ वाण आणून ते दोन वर्षे नुसते पेरून पाहिले. एका वाणात काही झाडे वेगळी निघाली. पुढच्या हंगामात ती पेरल्यावर कळले, की ती त्याच विक्रेत्याच्या दुसऱ्या वाणाची होती, म्हणजे बियाण्यातच भेसळ झाली होती. या चाचणीनंतर त्यांनी २२ वाण निवडले. कीटकांमुळे परके पराग येतात का, हे पडताळण्यासाठी फुलोऱ्याच्या काळात काही कुंड्या काचगृहात ठेवल्या.

१८५६ पासून आठ वर्षे प्रयोग चालले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल आले. दुसऱ्या पिढीतील ७,३२४ दाण्यांत ५,४७४ गोल, तर १,८५० सुरकुतलेले होते. यातील गोल दाणे पेरून वाढवलेल्या ५६५ झाडांपैकी ३७२ झाडांना पुन्हा दोन्ही प्रकारचे दाणे लागले. याचा अर्थ, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दाण्यात दुसरा गुण दडलेला असू शकतो.

घेवड्याने दिलेला धडा

मेंडेल यांनी घेवड्यावरही प्रयोग केले. बुटक्या आणि वेलीच्या घेवड्यात उंची व शेंगांचे गुण वाटाण्याप्रमाणेच उतरले. मात्र पांढऱ्या फुलांच्या बुटक्या घेवड्याचा लाल फुलांच्या दुसऱ्या प्रजातीशी संकर केला, तेव्हा पुढच्या पिढीत जांभळट लालपासून फिकट जांभळ्यापर्यंत अनेक छटा आल्या. फुलावर आलेल्या ३१ झाडांत फक्त एकाचीच फुले पांढरी होती. रंग एकाहून अधिक घटकांनी ठरत असावा, असा तर्क त्यांनी मांडला.

१८६५ मध्ये त्यांनी हे काम ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे मांडले आणि १८६६ मध्ये ते छापून आले, पण त्याचे महत्त्व फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. १८६८ मध्ये ते मठाधिपती झाले. मठावरील कराच्या वादात आणि कारभारात प्रयोग मागे पडले. ६ जानेवारी १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नियमांचे मोल जगाला १९०० मध्ये कळले.

आपल्या परसबागेसाठी

घेवड्याच्या दाण्याची साल मातृझाडाची असते. त्यामुळे मधमाशीने दुसऱ्या वाणाचे पराग आणले, तरी त्या वर्षी दाण्याच्या रंगात फरक दिसत नाही. तो दाणा पेरल्यावर येणाऱ्या झाडाच्या शेंगांत तो दिसतो. म्हणून बियाणे डोळ्यांनी निवडून भागत नाही.

- नवे मिळालेले जुने वाण किमान दोन हंगाम वेगळ्या वाफ्यात पेरून पाहा.
- घेवडा मुख्यतः स्वपरागीत असला, तरी दोन वाण शेजारी लावू नका. मध्ये दुसरे पीक घ्या.
- निवडलेल्या निरोगी झाडांच्या शेंगा झाडावरच वाळू द्या. प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या पाकिटात ठेवून त्यावर वाणाचे नाव आणि वर्ष लिहा.
- एखाद्या झाडाचे दाणे वेगळे निघाले, तर ते स्वयंपाकात वापरा, बियाण्यात मिसळू नका.
- एका वेळी एकाच वाणाची मळणी करा. सूप आणि गोणपाट झटकून मगच दुसरा वाण घ्या.