लहान गलबतांचा सरखेल

खानदेशातल्या माणसाच्या नजरेसमोर होडी येते ती तापी-गिरणेच्या डोहातली, नाहीतर एखाद्या धरणाच्या जलाशयातली. जाळे टाकणारा भोई आणि फार तर त्याच्या जोडीला एखादा वल्हेकरी मावेल, एवढाच तिचा पसारा. पाचोऱ्यापासून समुद्र दूर आहे आणि दर्यावर्दी आरमार हा इथल्या बोलण्यातला विषय नव्हे. तरीही होडी निवडताना नदीचा भोई जो प्रश्न आधी विचारतो तोच कोकणचा कोळीही विचारतो. हिला चालायला पाणी किती लागेल? अठराव्या शतकाच्या आरंभी याच प्रश्नाच्या उत्तरावर एका माणसाने मुंबईपासून गोव्यापर्यंतचा किनारा तीस वर्षे आपल्या हुकमतीत ठेवला. सरखेल कान्होजी आंग्रे हे त्यांचे नाव. ४ जुलै १७२९ रोजी त्यांचे निधन झाले.

खानदेशाचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता असेही नाही. बुऱ्हाणपूरहून सुरतेकडे जाणारा मोठा व्यापारी मार्ग खानदेशातूनच जात असे. या मार्गाने सुरतेला पोहोचलेला माल जहाजांवर चढला आणि दक्षिणेकडे निघाला की पुढच्या टापूत कान्होजींचा दस्तक, म्हणजे परवाना, जवळ असावा लागे. तो नसलेले जहाज धरले जाई. इंग्रज याला चाचेगिरी म्हणत. परवान्याची हीच पद्धत पोर्तुगीजांनी या समुद्रावर त्याआधी दोनशे वर्षे चालवली होती. त्यांना मात्र कोणी चाचे म्हटले नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

कान्होजींचा जन्म १६६९ चा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. अंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत सुवर्णदुर्गावर होते. त्यामुळे हर्णेच्या समुद्रातला हा जलदुर्ग आणि त्याच्या आसऱ्याने नांगरलेली गलबते पाहतच मुलगा मोठा झाला.

कान्होजी दहा वर्षांचे असताना, १६७९ मध्ये, मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर एक लढाई झाली. पुढे त्यांनी जे केले त्याचे बीज या लढाईत सापडते. शिवछत्रपतींच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी त्या ओसाड बेटावर तटबंदी उभारायला घेतली. ती रोखण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी ‘रिव्हेंज’ आणि इतर जहाजे बेटाभोवती उभी केली. मराठ्यांच्या बाजूला होत्या त्या बव्हंशी किनाऱ्यावरच्या लहान होड्या. वारा पडला की इंग्रजांची जहाजे जागच्या जागी खिळून राहत आणि या होड्या वल्ह्यांच्या जोरावर त्यांच्या देखत बेटावर दगड, धान्य, दारूगोळा पोहोचवीत. पाठलाग झालाच तर त्या उथळ खाडीत शिरत, जिथे मोठ्या जहाजाचा तळ चिखलात रुतला असता. ‘डव्ह’ नावाचे एक इंग्रजी गलबत तर मराठ्यांनी धरूनच नेले. अखेर खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

संभाजी महाराजांच्या वधानंतर, १६८९ पासून, कोकणपट्टीवर मोगल आणि जंजिऱ्याच्या सिद्दीचा दुहेरी दाब आला. किल्ले एकामागून एक पडत असताना सुवर्णदुर्ग टिकला, तो तरुण कान्होजींच्या हिमतीमुळे, असे परंपरा सांगते. राजाराम महाराजांच्या काळात सिधोजी गुजर हे आरमाराचे सरखेल होते. १६९८ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर ती जबाबदारी कान्होजींकडे आली. अलिबागच्या पुळणीसमोरचा कुलाबा किल्ला त्यांनी मुख्य ठाणे केला. भरतीला हा किल्ला पाण्याने वेढला जातो आणि ओहोटीला तिथे पायी जाता येते. मोठ्या जहाजांना जवळ येणे जिथे धोक्याचे आणि लहान गलबताला जिथे घरच्यासारखे, अशी जागा मुख्य ठाण्यासाठी निवडावी यातच त्यांच्या युद्धनीतीचे अर्धे मर्म होते.

उरलेले अर्धे मर्म गलबतांच्या बांधणीत होते. त्यांच्या आरमाराची मुख्य मदार दोन प्रकारच्या नौकांवर असे, गुराब आणि गलबत. गुराब ही त्यातली थोरली. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांपर्यंत असे आणि तीन डोलकाठ्यांची क्वचितच तीनशे टनांच्या पुढे जाई. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद असे, मध्यापासून दोन्ही टोकांकडे निमुळती होत जाई आणि तिला फार थोडे पाणी लागे. पुढची नाळ चोचीसारखी लांब बाहेर आलेली असे. नाळेच्या मागे, थेट समोर मारा करतील अशा दोन जड तोफा बसवलेल्या असत. दोन्ही कुशींना त्याहून हलक्या तोफा असत.

गलबत त्याहून धाकटे. मोठ्यातले मोठे गलबतही सत्तर टनांच्या आतबाहेर. मुख्य डोलकाठीवर एकच भले मोठे तिकोनी शीड. वजन कमी राहावे म्हणून अनेक गलबतांवर चिरलेल्या बांबूंची पाटणी असे. तिच्यावर मोठी तोफ पेलत नसे, म्हणून फिरत्या खुंटीवरच्या लहान तोफाच ठेवीत. मोठ्या गलबतांना मात्र फळ्यांची पक्की पाटणी आणि सहा-आठ तोफा असत. या सर्वांवर कडी म्हणजे चाळीस ते पन्नास वल्ही. वारा अजिबात नसला तरी गलबत तासाला चार मैल कापी, आणि गरज पडली तर दोराने गुराबही ओढून नेई.

युरोपीय जहाजांची शिडे बहुतांशी चौकोनी असत. पाठीमागून वारा असेल तर ती झोकात जात. पण वाऱ्याच्या तोंडावर जायचे झाले की तिकोनी शीड कितीतरी जवळून जाऊ शकते. त्यातच कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून मतलई वारे सुटतात आणि दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे येतात. या दोहोंच्या मधल्या वेळी समुद्र तासन्‌तास निपचित पडून असतो. कान्होजींचे तांडेल नेमक्या याच वेळेची वाट पाहत. जहाजाची शिडे लोंबकळली की खाडीच्या तोंडातून गलबते गुराबांना ओढत बाहेर येत आणि जहाजाच्या पिछाडीला जात. त्या काळच्या जहाजांच्या तोफांच्या रांगा दोन्ही कुशींना असत आणि पिछाडीला तोफा थोड्या. गुराबांच्या नाळेवरच्या तोफा तिथूनच मारा करीत, शिडे आणि डोलकाठ्या पाडीत. मग जहाज पंगू झाले की गलबतांतली माणसे तलवारी घेऊन त्यावर चढत.

हे डावपेच कोळी, भंडारी अशा दर्यावर वाढलेल्या जातींच्या खलाशांना वेगळे शिकवावे लागले नसणार. कोणत्या खडकावर ओहोटीला किती पाणी असते आणि उधाणाच्या दिवशी कोणत्या खाडीत शिरता येते, हे मासेमारीसाठी किनारा धरून फिरणाऱ्याला ठाऊक असावेच लागते. कान्होजींचे मोठेपण असे, की हे ज्ञान कमी प्रतीचे न मानता त्यांनी सारे आरमारच त्यावर बेतले.

याचा प्रत्यय मुंबईच्या इंग्रजांना नोव्हेंबर १७१२ मध्ये फारच जवळून आला. कारवारहून मुंबईकडे निघालेली खुद्द गव्हर्नर एस्लाबी याची सशस्त्र सफरी नौका ‘अल्जेरीन’ कान्होजींच्या गलबतांनी गाठली. कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन या चकमकीत ठार झाला. त्याची तरुण पत्नी कैदेत पडली आणि पुढच्या वर्षी तीस हजार रुपये खंडणी भरल्यावर तिची सुटका झाली. गव्हर्नरची स्वतःची नौका किनाऱ्याच्या इतक्या जवळून हिरावली जावी, ही मानहानी मुंबईला दीर्घकाळ बोचत राहिली.

मराठी राज्यातल्या घरच्या वादात कान्होजी आरंभी ताराबाईंच्या बाजूला होते. त्यांच्यावर चालून आलेले शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे १७१३ मध्ये त्यांच्याच कैदेत सापडले. पुढे बाळाजी विश्वनाथांनी बोलणी केली, कान्होजींनी शाहूंचे छत्रपतीपद मान्य केले आणि किनाऱ्यावरचे किल्ले व सरखेलपद त्यांच्याकडे कायम झाले.

मुंबईत चार्ल्स बून गव्हर्नर झाल्यावर इंग्रजांनी कान्होजींचा नायनाट करण्याचा चंगच बांधला. १७१७ मध्ये विजयदुर्गावरचा हल्ला फसला. १७१८ मध्ये खांदेरीवरचा फसला. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या वेळी बूनच्या लोकांनी उथळ पाण्यात चालेल असा सपाट तळाचा एक तरंगता तोफखानाच बांधून आणला होता. त्याचे नाव ‘फ्राम’. शत्रूच्या यशाचे कारण त्यांना कळले होते असे म्हणायला हरकत नाही, पण कळणे आणि जमणे यांत अंतर असते. फ्रामवरच्या तोफांची भोके अशी कापली होती की तोफांची तोंडे पुरेशी वर उचलताच येईनात आणि गोळे पाण्यात पडू लागले. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चढाई केली. ब्रिटिश राजाच्या आरमारातली जहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूजही आला होता. तीही मोहीम विफल ठरली. मात्र तिथे जमिनीवरून पेशव्यांची फौज धावून आली होती, हे विसरता कामा नये. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर नशीब अजमावले, तेही रिकाम्या हाताने परतले.

तथापि, लहान गलबतांच्या या निवडीला एक बाजू होती तशी दुसरीही होती. हलक्या बांधणीच्या नौकेवर जड तोफा चढवता येत नाहीत. भर समुद्रात, मोठ्या लाटांत ती शत्रूच्या जहाजासमोर टिकत नाही. पावसाळ्यात तर तिला बंदराचा आसरा घ्यावाच लागतो. त्यामुळे कान्होजींची हुकमत किनाऱ्यालगतच्या पट्ट्यापुरती राहिली. खोल समुद्रातून इंग्रजांची कुमक येतच राहिली आणि ती थांबवण्याचे साधन मराठ्यांकडे नव्हते. काही अभ्यासक याचा दोष कान्होजींना देतात. पण ज्याचे राज्य किनाऱ्याला लागून आहे, ज्याचे किल्ले खाड्यांच्या तोंडाशी आहेत आणि ज्याला जहाजबांधणीचा खर्च आपल्याच मुलखातून काढायचा आहे, त्याने दहा खोल तळाची जहाजे बांधायची की त्याच लाकडात आणि माणसांत चाळीस-पन्नास गलबते, हा हिशेब त्यांच्या जागी उभे राहूनच करावा लागतो. मुंबईकरांनीही पुढे आपल्या आरमारात गुराबा आणि गलबते बाळगलीच.

कान्होजींच्या पश्चात थोरले पुत्र सेखोजी सरखेल झाले. १७३३ मध्ये तेही गेले आणि भाऊबंदकी पेटली. संभाजी आणि मानाजी यांच्यात घराणे विभागले. तरीही वडिलांचे तंत्र विसरले गेले नव्हते. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्रे यांच्या ताफ्याने इंग्लंडहून आलेले ‘डर्बी’ हे कंपनीचे मोठे जहाज दीर्घ झुंजीनंतर जिंकले.

संभाजींनंतर विजयदुर्ग आला तुळाजींकडे. पेशव्यांशी त्यांचे बिनसले आणि पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन विजयदुर्गासमोर आला, तेव्हा आंग्र्यांच्या गुराबा बंदरात एकमेकींना दोरांनी जखडून उभ्या होत्या. ज्या नौकांचे सारे बळ हालचालीत, त्या बांधून ठेवलेल्या. त्यांच्यातच ‘रेस्टोरेशन’ हे इंग्रजांकडून पूर्वी जिंकलेले जहाज होते. त्यावर पेटता गोळा पडला, आग दोरांवरून गुराबांवर गेली आणि तासाभरात सारे आरमार जळून गेले.

कान्होजींची समाधी अलिबागेत आहे. मुंबईतल्या भारतीय नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये ‘आंग्रे’ हे नाव देण्यात आले. खांदेरी बेटही आता कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाते. तिथल्या दीपगृहाच्या खालच्या उथळ पाण्यात थळ आणि अलिबागच्या कोळ्यांच्या होड्या मासेमारीसाठी येतात.