बलराज साहनी

बलराज साहनी (जन्म : १ मे १९१३, रावळपिंडी, मृत्यू : १३ एप्रिल १९७३, मुंबई) हे हिंदी चित्रपटसृष्टीतील अभिनेते, नाट्यदिग्दर्शक आणि पंजाबी लेखक होते. ‘दो बीघा जमीन’, ‘काबुलीवाला’, ‘वक्त’ आणि ‘गर्म हवा’ या चित्रपटांतील त्यांच्या भूमिका विशेष गाजल्या. भारतीय जननाट्य संघ अर्थात इप्टा आणि साम्यवादी चळवळ यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध होता. या संबंधामुळे १९४९ मध्ये त्यांना अटक झाली व काही काळ तुरुंगात राहावे लागले. तुरुंगात असतानाच पोलीस पहाऱ्यात चित्रीकरणास जाऊन त्यांनी ‘हलचल’ या चित्रपटात काम केले. हिंदी लेखक भीष्म साहनी हे त्यांचे धाकटे बंधू आणि अभिनेते परीक्षित साहनी हे पुत्र होत.

जन्म व शिक्षण

साहनी कुटुंब मूळचे पश्चिम पंजाबातील भेरा येथील होते. वडील हरबन्सलाल हे रावळपिंडीतील व्यापारी व आर्यसमाजाचे निष्ठावान अनुयायी होते. मुलाचे नाव प्रथम युधिष्ठिर असे ठेवण्यात आले होते. उच्चारास कठीण जाते म्हणून ते पुढे बदलून बलराज करण्यात आले. आरंभीचे काही शिक्षण गुरुकुलात झाल्यानंतर त्यांना शाळेत घालण्यात आले. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून त्यांनी इंग्रजी साहित्यात एम.ए. पदवी मिळवली. नाटकाची गोडी त्यांना येथेच लागली. १९३६ मध्ये त्यांचा दमयंती यांच्याशी विवाह झाला. वडिलांच्या व्यापारात काही काळ लक्ष घालूनही त्यांचे मन त्यात रमले नाही.

शांतिनिकेतन, सेवाग्राम आणि लंडन

१९३७ मध्ये रावळपिंडी सोडून ते बंगालमध्ये गेले आणि शांतिनिकेतनात अध्यापक झाले. हिंदी व इंग्रजीत लिहिणाऱ्या या तरुणाला रवींद्रनाथ टागोरांनी मातृभाषेत लिहिण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी बऱ्याच वर्षांनी अमलात आणला. तेथून ते वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे आले आणि महात्मा गांधींच्या शिक्षणविचारांना वाहिलेल्या ‘नयी तालीम’ या नियतकालिकाच्या संपादकीय कामात सहभागी झाले. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध आला तो असा, चित्रपटांच्या पुष्कळ आधी.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीच्या हिंदुस्थानी विभागात निवेदक म्हणून ते पत्नीसह लंडनला गेले. मायक्रोफोनसमोर सहज, संयत बोलण्याची जी सवय पुढे त्यांच्या अभिनयाचे बलस्थान ठरली, ती तेथे जडली. तेथील वास्तव्यात सोव्हिएत चित्रपट आणि मार्क्सवादी वाङ्मय यांचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला. १९४४ मध्ये ते भारतात परतले तेव्हा त्यांची राजकीय भूमिका निश्चित झालेली होती.

इप्टा आणि चित्रपटात प्रवेश

मुंबईत आल्यावर साहनी दांपत्य इप्टाच्या कार्यात सामील झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांचे ‘जुबैदा’ हे नाटक बलराज यांनी दिग्दर्शित केले. इप्टाच्या मुंबईतील चळवळीत हिंदी, गुजराती व मराठी कलावंत एकत्र होते. अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख हे याच चळवळीतील होत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर आधारलेला ‘धरती के लाल’ (१९४६) हा चित्रपट इप्टाच्या कलावंतांनी साकारला. अब्बास यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात बलराज व दमयंती या दोघांच्याही भूमिका होत्या. दमयंती पृथ्वी थिएटर्सच्या ‘दीवार’ या नाटकातही काम करीत होत्या.

१९४७ हे वर्ष साहनींसाठी अत्यंत कठीण ठरले. एप्रिलमध्ये दमयंती यांचे अकाली निधन झाले आणि दोन लहान मुलांची जबाबदारी बलराज यांच्यावर पडली. त्याच वर्षीच्या फाळणीने कुटुंबाचे रावळपिंडीतील घरही सुटले. १९४९ मध्ये त्यांनी संतोष यांच्याशी दुसरा विवाह केला.

अटक व तुरुंगवास

स्वातंत्र्यानंतर भारतीय कम्युनिस्ट पक्षाने १९४८ च्या कोलकाता अधिवेशनात नव्या सरकारविरुद्ध लढ्याचे धोरण स्वीकारले. अनेक प्रांतांत कार्यकर्त्यांची धरपकड सुरू झाली आणि पक्षाशी संबंधित लेखक-कलावंतही तिच्यातून सुटले नाहीत. मुंबई प्रांतात १९४७ च्या सार्वजनिक सुरक्षाविषयक कायद्यान्वये खटला न चालवता स्थानबद्ध करण्याचा अधिकार सरकारला होता. राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तोपर्यंत मूलभूत हक्कांच्या आधारे अशा कारवाईस आव्हान देण्याचा मार्ग खुला नव्हता. गीतकार मजरूह सुलतानपुरी यांनाही याच सुमारास सरकारविरोधी कवितेमुळे तुरुंगवास घडला.

याच काळात के. आसिफ यांनी ‘हलचल’ या चित्रपटासाठी साहनींची निवड केली होती. दिलीपकुमार आणि नर्गिस यांच्या या चित्रपटात त्यांच्या वाट्याला तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका आली होती. तिचा अभ्यास करता यावा म्हणून आसिफ यांनी त्यांची आर्थर रोड तुरुंगाच्या अधिकाऱ्याशी ओळख करून दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत परळ भागातील साम्यवादी पक्षाच्या मोर्च्यात सहभागी झाल्यामुळे साहनींना अटक झाली. ज्या तुरुंगात ते निरीक्षणासाठी गेले होते, तेथेच कैदी म्हणून राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. विवाहास तेव्हा फारसे दिवस झालेले नव्हते.

चित्रपट अर्धवट राहू नये म्हणून आसिफ यांनी अधिकाऱ्यांकडून विशेष परवानगी मिळवली. त्यानुसार साहनींना पोलीस पहाऱ्यात स्टुडिओत आणले जाई आणि काम संपल्यावर पुन्हा तुरुंगात नेले जाई. स्टुडिओत ते तुरुंगाधिकाऱ्याचा गणवेश चढवीत आणि परतल्यावर कैद्यांमध्ये जाऊन बसत. एस. के. ओझा दिग्दर्शित ‘हलचल’ १९५१ मध्ये प्रदर्शित झाला.

सुटकेनंतर कुटुंबास आर्थिक ओढाताण सोसावी लागली. राजकीय कैदी म्हणून नाव झालेल्या, वयाची पस्तिशी ओलांडलेल्या आणि चित्रपटात अद्याप जम न बसलेल्या नटास काम मिळणे सोपे नव्हते. बाल परीक्षितनेही या काळात ‘दीदार’ (१९५१) या चित्रपटात काम केले. बलराज यांनी स्वतः नवकेतन संस्थेसाठी ‘बाजी’ (१९५१) या चित्रपटाची पटकथा लिहिली. गुरुदत्त यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट होता. त्याच वर्षीच्या झिया सरहदी दिग्दर्शित ‘हम लोग’ने साहनींना नट म्हणून ओळख दिली. रंगभूमीवर मोकळेपणाने वावरणाऱ्या साहनींना कॅमेऱ्यासमोर अवघडल्यासारखे होत असे. ‘हम लोग’च्या चित्रीकरणात त्यांनी या भीतीवर मात केली.

दो बीघा जमीन

बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ (१९५३) या चित्रपटातील शंभू महातो ही साहनींच्या कारकिर्दीतील निर्णायक भूमिका होय. जमीनदार शंभूकडे जुन्या कर्जाची मागणी करतो. आपले देणे ६५ रुपये आहे अशी शंभूची समजूत असते, तर हिशेबाच्या कागदांवर ते २३५ रुपये निघते. न्यायालयाचा निकाल शंभूविरुद्ध जातो आणि पैसे उभे करण्यासाठी तो कोलकात्यात हातरिक्षा ओढू लागतो. अंगठा उठवणाऱ्या निरक्षर शेतकऱ्याला कागदोपत्री न्याय कसा परका असतो, हे या प्रसंगांतून दिसते.

लंडनहून आलेला, सुशिक्षित घरातील हा नट शेतकरी म्हणून शोभेल काय, अशी शंका प्रारंभी व्यक्त झाली होती. साहनींनी मुंबईत जोगेश्वरी येथील उत्तर भारतीय गवळ्यांच्या वस्तीत जाऊन त्यांचे बोलणे, चालणे, मुंडासे बांधण्याची पद्धत यांचे निरीक्षण केले. कोलकात्यात त्यांनी भर रस्त्यावर प्रत्यक्ष रिक्षा ओढली. १९५४ च्या कान महोत्सवात या चित्रपटास आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पहिला फिल्मफेअर पुरस्कारही त्यालाच लाभला.

पुढील कारकीर्द

यानंतरच्या दोन दशकांत साहनींनी विविध प्रकारच्या भूमिका केल्या. ‘सीमा’मधील सुधारगृहाचा सहृदय संचालक, ‘गरम कोट’मधील कारकून, ‘अनुराधा’मधील कर्तव्यात बुडून पत्नीला विसरलेला ग्रामीण डॉक्टर आणि ‘काबुलीवाला’मधील पठाण रहमत या त्यांतील उल्लेखनीय होत. ‘वक्त’मध्ये भूकंपाने कुटुंबाची ताटातूट झालेला लाला केदारनाथ त्यांनी उभा केला. ‘लाल बत्ती’ (१९५७) हा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. संवाद चढ्या सुरात म्हणण्याची पद्धत रूढ असलेल्या काळात बोलण्याइतकेच ऐकण्यातून आणि गप्प राहण्यातून व्यक्त होणारा त्यांचा अभिनय वेगळा ठरला.

व्यावसायिक यश मिळाल्यावरही त्यांनी सार्वजनिक कार्य सोडले नाही. ते अखिल भारतीय युवक महासंघाचे पहिले अध्यक्ष होते. जुहू आर्ट थिएटरच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १९७० च्या भिवंडी दंगलीनंतर ते तेथे जाऊन दंगलग्रस्त वस्तीत राहिले.

लेखन

साहनींनी पुढील काळातील बहुतेक लेखन पंजाबीत, गुरुमुखी लिपीत केले. ‘प्रीतलडी’ या मासिकातून ते लिहीत. ‘मेरा पाकिस्तानी सफरनामा’ या पुस्तकात फाळणीनंतर आपल्या जुन्या गावांना दिलेल्या भेटीचे वर्णन आहे. ‘मेरा रूसी सफरनामा’ या प्रवासवर्णनास सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कार मिळाला. ‘मेरी फिल्मी आत्मकथा’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. १९७२ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात केलेल्या दीक्षान्त भाषणात त्यांनी राजकीय स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिलेल्या अनुकरणवृत्तीवर टीका केली.

गर्म हवा आणि मृत्यू

एम. एस. सथ्यू दिग्दर्शित ‘गर्म हवा’ हा साहनींच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक होय. फाळणीनंतर आग्र्यातच राहण्याचा निश्चय केलेल्या सलीम मिर्झा या पादत्राण-उत्पादकाची ही कथा आहे. घर पाकिस्तानात गेलेल्या भावाच्या नावावर असल्यामुळे निर्वासित मालमत्तेच्या कायद्याने ते हातचे जाते. भावाला घराचा नकाशा पाठवल्यावरून सलीम यांच्यावर हेरगिरीचा आरोप येतो. न्यायालय त्यांना निर्दोष ठरवते. मात्र गेलेली पत परत मिळत नाही. फाळणीत घर गमावलेल्या आणि तुरुंग पाहिलेल्या साहनींनी हे सोसणे कोणत्याही आक्रोशाविना साकारले. १९७२ मध्ये त्यांच्या कन्या शबनम यांचे निधन झाले होते. चित्रपटातही सलीम यांची कन्या मरण पावते.

‘गर्म हवा’चे ध्वनिमुद्रण पूर्ण झाल्यावर लगेचच, १३ एप्रिल १९७३ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने साहनींचे मुंबईत निधन झाले. साठाव्या वाढदिवसास तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते. जातीय तणावाच्या भीतीने सेन्सॉरने अडवलेला हा चित्रपट त्यांच्या पश्चात प्रदर्शित झाला आणि राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला.

सन्मान

भारत सरकारने १९६९ मध्ये साहनींना पद्मश्री देऊन गौरविले. स्वतंत्र भारतातील अटकेला तेव्हा वीस वर्षे झाली होती. या काळात त्यांनी आपली राजकीय मते लपवली नव्हती. जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१३ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

निवडक चित्रपट

धरती के लाल (१९४६)
हलचल (१९५१)
हम लोग (१९५१)
दो बीघा जमीन (१९५३)
सीमा (१९५५)
गरम कोट (१९५५)
कठपुतली (१९५७)
अनुराधा (१९६०)
काबुलीवाला (१९६१)
हकीकत (१९६४)
वक्त (१९६५)
संघर्ष (१९६८)
दो रास्ते (१९६९)
गर्म हवा (१९७३)