जाड्या-रड्यांतील रड्या

स्टॅन लॉरेल असे नाव घेतले, तर आपल्यापैकी कित्येकांना क्षणभर आठवावे लागेल. परंतु जाड्या-रड्यांतील रड्या म्हटले, की तो हडकुळा, उभ्या केसांचा, टाळू खाजवीत उभा राहणारा आणि घटकेत रडकुंडीला येणारा मनुष्य लगेच डोळ्यांपुढे येतो. लॉरेल आणि हार्डी या परदेशी जोडीला मराठी माणसाने हे घरगुती नाव दिले आणि ती दोघे जणू आपल्याच आळीतली होऊन गेली. आमच्या घरातील ज्या वडीलधाऱ्या मंडळींना इंग्रजीचे अक्षरही कळत नव्हते, तीही त्यांना पाहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. हा रड्या मूळचाच मंदबुद्धी असला पाहिजे, आणि त्याला हाताशी धरून चित्रपट काढणारा कोणी तरी चतुर मनुष्य पडद्यामागे बसला असला पाहिजे, अशी आमची बालपणी ठाम समजूत होती. यातील अर्धा भाग खरा होता. पडद्यामागे चतुर मनुष्य होताच. पण तो म्हणजे रड्याच होता, हे कळायला आम्हांला बरीच वर्षे जावी लागली.

बावळटाची भूमिका करणाऱ्या नटाचे दैव मोठे विचित्र असते. खलनायकाला लोक शिव्या देतात, परंतु त्याच्या बुद्धीविषयी शंका घेत नाहीत. आपल्या तमाशातील सोंगाड्याही वेड पांघरून पेडगावला जातो खरा, पण त्याच्या हजरजबाबीपणातून त्याची हुशारी आपण होऊनच उघडी पडते. जो नट निखळ मठ्ठपणाचे सोंग घेतो आणि वर्षानुवर्षे तेच वठवतो, त्याला ते चिकटून बसते. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांत अशी पात्रे रंगविणाऱ्या अनेकांना पुढे दुसरी भूमिका मिळणे अवघड होते. हे सोंग उतरल्यावर मनुष्याने करावे तरी काय, या प्रश्नाचे फार सुंदर उत्तर स्टॅन लॉरेल यांच्या उत्तरायुष्यात मिळते. म्हणून त्यांची जीवनकथा येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचे मूळ नाव आर्थर स्टॅन्ली जेफरसन. इंग्लंडच्या उत्तर भागातील अल्व्हरस्टन या लहानशा गावी १६ जून १८९० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील नाट्यगृहाचे व्यवस्थापक, नट आणि नाटककार, आई अभिनेत्री. अशा घरात मुलाला रंगभूमीचे वेड न लागते तरच नवल! १९०६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ग्लासगो येथील ब्रिटानिया पॅनॉप्टिकन या नाट्यगृहात ते प्रथम रंगमंचावर उभे राहिले. पुढे ते फ्रेड कार्नो यांच्या प्रसिद्ध विनोदी नाटकमंडळीत शिरले. त्या मंडळीचा मुख्य नट होता चार्ली चॅप्लिन, आणि त्याचा बदली नट म्हणून जेफरसन यांची नेमणूक झाली. १९१० च्या सप्टेंबरात ही मंडळी बोटीने अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली. बिऱ्हाडाच्या खोलीत स्वयंपाक करण्यास मनाई असे. तेव्हा जेफरसन यांनी चोरून काही तळावे आणि तळण्याचा आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून चॅप्लिनने व्हायोलिन वाजवावे, अशी त्या दिवसांची आठवण ते पुढे सांगत असत.

१९१२ च्या दुसऱ्या दौऱ्यात ते पुन्हा अमेरिकेस आले आणि तेथेच राहिले. चॅप्लिन चित्रपटांत गेला आणि बघता बघता जगाचा लाडका झाला. त्याच्या मागे नटसंच फुटला. जेफरसन यांच्या वाट्याला लहानमोठ्या रंगमंचांवरील भटकंती आली. याच काळात त्यांनी लॉरेल हे नाव धारण केले. १९१७ पासून ते मूकपटांत दिसू लागले, पण नाव होईना. अखेर हाल रोच यांच्या स्टुडिओत ते विनोदी प्रसंग लिहिण्याचे आणि दिग्दर्शनाचे काम करू लागले, आणि आपण आता पडद्यामागेच राहावे असे त्यांनी जवळजवळ ठरविले होते. परंतु १९२६ साली त्याच स्टुडिओतील ऑलिव्हर हार्डी नावाच्या धिप्पाड नटाचा हात घरी स्वयंपाक करताना भाजला. त्यांच्या जागी उभे राहण्यास लॉरेल यांना सांगण्यात आले, आणि पडद्याआड गेलेला नट पुन्हा पडद्यावर आला. पुढल्या वर्षी दोघे एकत्र काम करू लागले. ही जोडी जुळते आहे, हे दिग्दर्शक लिओ मकॅरी यांच्या ध्यानात आले आणि १९२७ सालीच ती रीतसर जोडी बनली.

रड्याचे पात्र हे विचारपूर्वक घडविलेले शिल्प होते. चाल फेंगडी व्हावी म्हणून लॉरेल यांनी बुटांच्या टाचा काढून टाकल्या. एका चित्रपटात कैद्याच्या भूमिकेसाठी डोके भादरले होते. केस पुन्हा वाढताना ते उभे राहू लागले आणि लोक हसू लागले, तेव्हा तीच त्यांनी ओळख करून टाकली. गंमत अशी, की ज्या रडण्यावरून आपण त्यांना नाव ठेवले, ते रडणे स्वतः लॉरेल यांना फारसे आवडत नसे. परंतु प्रेक्षकांना ते हवे होते, म्हणून ते रडत राहिले. विनोदी प्रसंग रचणे, दिग्दर्शकाला सुचविणे, चित्रफितीची काटछाट करणे, प्रेक्षक कोठे किती वेळ हसतात हे पाहून त्याप्रमाणे जागा सोडणे, या साऱ्यांत ते रात्र रात्र गुंतलेले असत. दिवसाचे काम संपले की हार्डी गोल्फ खेळण्यास जात आणि लॉरेल संकलनाच्या खोलीत शिरत. लॉरेल यांचे वेतन हार्डींहून बरेच अधिक होते आणि हार्डींना ते रास्त वाटे. दोघांची मैत्री टिकली, त्यात या समजूतदारपणाचा वाटा मोठा आहे.

पात्रे तीच, स्वभाव तेच, केवळ प्रसंग नवा, हा पुढे दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचा जो साचा झाला, तो या जोडीच्या दोन-तीन रिळांच्या चित्रपटांत आधीच तयार झाला होता. एक पियानो शंभराहून अधिक पायऱ्या चढवून एका घरी पोहोचविणे, एवढ्याच कथाबीजावर उभारलेल्या ‘द म्युझिक बॉक्स’ या चित्रपटास १९३२ साली विनोदी लघुपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. घरी मात्र सुख नव्हते. १९३० साली झालेला मुलगा नऊ दिवसांत गेला, आणि एकामागून एक विवाह मोडले. १९४६ साली आयडा यांच्याशी झालेला विवाह मात्र अखेरपर्यंत टिकला.

१९४० मध्ये रोच यांचा स्टुडिओ सुटला आणि पुढील पाच वर्षांत दोन मोठ्या चित्रसंस्थांसाठी जोडीने आठ चित्रपट केले. लॉरेल यांच्या आयुष्यातील खरी अवहेलना येथे झाली. संहिता दुसऱ्याने लिहायची, काटछाट दुसऱ्याने करायची. यांनी केवळ येऊन टाळू खाजवायची आणि रडायचे. रड्या म्हणजे खरोखरच रड्या, असे जणू त्या संस्थांनी गृहीत धरले होते. ज्या हातांनी ते पात्र घडविले, त्या हातांना आता कामच उरले नाही. ते चित्रपट आज पाहावयास बसले असता तीच दोन माणसे असूनही काही तरी हरवले आहे, हे चटकन जाणवते.

तेव्हा दोघांनी पुन्हा रंगभूमीची वाट धरली. १९४७ साली ते ब्रिटनच्या दौऱ्यावर गेले असता लॉरेल आपल्या जन्मगावी, अल्व्हरस्टनला, गेले. तेथील सभागृहाच्या सज्जात त्यांना गर्दीसमोर उभे करण्यात आले आणि त्यांच्या जन्मदाखल्याची प्रत त्यांना भेट देण्यात आली. सरकारी नोकरीत आम्ही जन्मदाखल्याच्या असंख्य प्रती हाताळल्या, पण एवढा हृद्य उपयोग झालेली प्रत आमच्या पाहण्यात नाही. गाव सोडून गेलेल्या मनुष्याला, तू आमचाच आहेस, हे याहून अधिक थोडक्यात कसे सांगावे?

१९५३ च्या सप्टेंबरातील एक प्रसंग तर विसरता येण्याजोगा नाही. दौऱ्यासाठी पुन्हा येत असता त्यांची बोट आयर्लंडमधील कोव्ह बंदरास लागली. धक्क्यावर माणसांची दाटी होती. तोच तेथील कॅथीड्रलच्या घंटा वाजू लागल्या आणि त्यांतून लॉरेल-हार्डी यांच्या चित्रपटांची ओळखीची सुरावट ऐकू आली. चित्रपटसृष्टीने जवळजवळ मोडीत काढलेले ते दोन वृद्ध नट एकमेकांकडे पाहून रडले. पडद्यावर ज्याने उभी हयात खोटे रडण्यात घालविली, त्याचे हे रडणे खरे होते.

१९५५ मध्ये दूरचित्रवाणीसाठी जोडीचे नवे कार्यक्रम काढण्याची योजना आखली गेली. ती सिद्धीस जाण्यापूर्वीच लॉरेल यांना पक्षाघाताचा झटका आला. ते सावरत आले, तो १९५६ मध्ये हार्डींना त्याहून तीव्र झटका आला आणि ७ ऑगस्ट १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. प्रकृतीमुळे लॉरेल यांना अंत्यविधीसही जाता आले नाही. यापुढे आपण अभिनय करणार नाही, हे त्यांनी ठरविले. मोठमोठ्यांची बोलावणी आली, पण त्यांनी ती नम्रपणे नाकारली. जाड्यावाचून रड्या नाही, इतका साधा त्यांचा हिशेब होता.

येथून त्यांच्या आयुष्याचा आम्हांला सर्वाधिक आवडणारा भाग सुरू होतो. सँटा मोनिका येथे समुद्रासमोरील ओशियाना नावाच्या इमारतीत, एका लहानशा घरात, ते पत्नीसह राहू लागले. जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखविले जात होते, परंतु त्यांचे हक्क दुसऱ्यांकडे असल्याने लॉरेल यांना त्यातून काही मिळत नसे. त्याहून अधिक दुःख त्यांना होई ते जाहिरातींसाठी त्या चित्रपटांची वाटेल तशी कापाकाप केलेली पाहून. तरीही कटुता त्यांनी घरात शिरू दिली नाही. त्यांचे नाव आणि क्रमांक गावच्या दूरध्वनी-पुस्तिकेत छापलेले होते; ज्याला बोलावेसे वाटेल त्याने बोलावे. जगभरातून येणाऱ्या पत्रांना ते टंकलेखन यंत्रावर स्वतः उत्तरे लिहीत. ती पत्रे लोकांनी आजही जपून ठेविली आहेत. डिक व्हॅन डाइक या तरुण विनोदी नटाने त्यांना याच पुस्तिकेतून शोधून काढले. पुढे आपल्या मालिकेत त्याने लॉरेल यांची नक्कल केली आणि अभिप्राय विचारला, तेव्हा या वृद्धाने त्यातील एकेक उणीव त्याला समजावून दिली. मठ्ठपणा किती काटेकोरपणे करावा लागतो, याचा तो धडाच होता.

१९६१ साली त्यांना सन्मानार्थ ऑस्कर देण्यात आले. प्रकृती बरी नसल्याने ते समारंभास गेले नाहीत. डॅनी के यांनी त्यांच्या वतीने ते स्वीकारले. २३ फेब्रुवारी १९६५ रोजी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी श्रद्धांजलीचे भाषण डिक व्हॅन डाइक यानेच केले. हार्डी गेल्यानंतरही लॉरेल आपल्या जोडीसाठी नवनवे विनोदी प्रसंग लिहीत राहिले होते. ते कोणी रंगविणार नव्हते, कोणी पाहणार नव्हते, आणि त्यांचे मोल कोणी देणार नव्हते. तरीही ते लिहीत होते.

आमच्या मंडळाच्या पन्नास वर्षांत गणेशोत्सवाच्या रंगमंचावर कितीतरी नाटके झाली. त्यांत नायक कोण होता, हे आज सहसा कोणास आठवत नाही. परंतु गडी किंवा बावळट भाचा कोणी केला होता, हे हटकून आठवते. तोच मनुष्य प्रयोगानंतर मागे थांबून पडदे घडी करीत असे, भाड्याने आणलेल्या खुर्च्या मोजून परत करीत असे आणि दुसऱ्या दिवशी हिशेबाची वही घेऊन बसत असे. त्याला हसलेल्या मंडळींपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असे. या स्मरणिकेची पाने उलटताना जुन्या छायाचित्रांत असा एखादा टाळू खाजविणारा चेहरा दिसला, तर वाचकांनी त्यास हसून अवश्य दाद द्यावी, आणि मग क्षणभर थांबून त्याचे नाव आठवून पाहावे.