विश्लेषण : गूगलच्या शंभर वर्षे आधी ‘कागदी सर्च इंजिन’ उभारणारे पॉल ऑत्ले कोण होते?

मोबाइलवर दोन शब्द टाकले की क्षणात हजारो दुवे समोर येतात. ब्रसेल्समध्ये हेच काम १८९६ पासून लाकडी खणांमधल्या कार्डांवर चालत होते. प्रश्न टपालाने येत आणि उत्तरही टपालानेच जाई.

वकिलीत मन रमले नाही

पॉल ऑत्ले यांचा जन्म १८६८ मध्ये ब्रसेल्सला झाला. वडील ट्रामच्या धंद्यातले धनिक. शाळेवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत मुलाचे शिक्षण घरीच झाले. मित्र मोजके, पुस्तके भरपूर. पुढे ऑत्ले वकील झाले, पण त्यांना सतावणारा प्रश्न वेगळाच होता. हवी ती माहिती पुस्तकात कुठेतरी दडलेली असते. ती वाचकापर्यंत पोहोचणार कशी? आँरी ला फॉन्तेन या वकील मित्रासह (यांना १९१३ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले) त्यांनी १८९५ मध्ये जगातील सर्व प्रकाशनांची सूची करायला घेतली. वर्षअखेर चार लाख नोंदी झाल्या होत्या.

शोध चालायचा कसा?

प्रत्येक नोंद एका कार्डावर. पण लाखो कार्डांतून नेमके कार्ड काढायचे तर त्याला पत्ता हवा. त्यासाठी अमेरिकेतील मेल्विल ड्युई यांची दशांश पद्धत घेऊन दोघांनी ती वाढवली. खाणकामाला ६२२ हा अंक, फ्रान्सला कंसातला ४४. म्हणून फ्रान्समधील खाणकाम ६२२(४४). दोन विषयांचा संबंध विसर्गचिन्हाने : १७:७ म्हणजे नीतिशास्त्र आणि कला. ड्युईंच्या पद्धतीत पुस्तकाला फळीवर जागा मिळे. इथे विषयांची सांगड घालता येऊ लागली. १९१२ पर्यंत वर्षाला दीड हजारांहून अधिक प्रश्न येऊ लागले. उत्तरात ५० पेक्षा जास्त नोंदी निघणार असतील तर विचारणाऱ्याला आधीच कळवले जाई. आज लाखो निकाल दाखवणाऱ्यांना हा संकोच नाही!

स्वप्न कुठे अडले?

१९१४ च्या युद्धात त्यांचा मुलगा जाँ मारला गेला. ज्ञान एकत्र आले तर राष्ट्रेही येतील, ही ऑत्ले यांची धारणा त्यानंतर अधिकच घट्ट झाली. ‘मुंदानेउम’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या या संग्रहात १९३४ पर्यंत १ कोटी २० लाखांहून अधिक कार्डे जमली. मात्र प्रत्येक कार्ड माणसाच्या हाताने लिहायचे, लावायचे. कागद वाढत गेला आणि सरकारचा उत्साह आटला. १९३४ मध्ये दालनांना कुलूप लागले. ऑत्ले निषेध म्हणून दाराबाहेर बसून राहिले. उपयोग झाला नाही.

त्याच वर्षी आलेल्या ग्रंथात त्यांनी वेगळेच टेबल रंगवले होते : वर एकही पुस्तक नाही, फक्त पडदा आणि टेलिफोन. दूरच्या ग्रंथालयाला फोनवर विचारायचे आणि पान पडद्यावर वाचायचे. मात्र याला इंटरनेटचे भाकीत म्हणणे थोडे ओढूनताणून होईल. ऑत्ले यांच्या व्यवस्थेत काय कुठे बसवायचे हे तज्ज्ञ ठरवत. वेबवर कोणीही कशालाही दुवा जोडतो आणि गूगलने त्याच दुव्यांवरून पानांचे महत्त्व मोजले.

१९४० मध्ये जर्मन सैन्य आले. संग्रहाच्या जागेत नाझी कलेचे प्रदर्शन मांडण्यासाठी साहित्य हलवले गेले, काही नष्ट झाले. डिसेंबर १९४४ मध्ये ऑत्ले वारले. १९६८ मध्ये बॉइड रेवर्ड या संशोधकाला त्यांची कागदपत्रे ब्रसेल्समध्ये धूळ खात पडलेली सापडली. उरलेली कार्डे आता बेल्जियममधील माँस शहरात आहेत, अजूनही त्याच लाकडी खणांत.