प्रोस्टेट शस्त्रक्रियेचा चाळीस वर्षांचा हिशेब

प्रोस्टेटच्या कर्करोगाचा रुग्ण ओपीडीत आला, की ऑपरेशन दुर्बिणीने करायचे की रोबोटने, हा प्रश्न बहुधा त्याचा मुलगाच आधी विचारतो. अशा वेळी मला डॉ. ह्यू हॅम्प्टन यंग आठवतात.

यंग यांचा जन्म 1870 मध्ये अमेरिकेतील टेक्सासचा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 1897 मध्ये नामवंत सर्जन हॉल्स्टेड यांनी मूत्रविकार विभाग त्यांच्यावर सोपवला. वय अवघे 27, आणि या विषयाचा अनुभव जवळपास नाहीच.

सात वर्षांनी, 7 एप्रिल 1904 रोजी, त्यांनी कर्करोगाने ग्रासलेली संपूर्ण प्रोस्टेट ग्रंथी काढली. पोट न उघडता, अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेतून. मदतीला खुद्द हॉल्स्टेड होते. पुढे साध्या प्रोस्टेटवाढीसाठी त्यांनी मूत्रमार्गातूनच आत जाणारे उपकरण बनवले. त्याने बरे झालेले धनिक जेम्स ब्रॅडी यांनी दिलेल्या देणगीतून 1915 मध्ये मूत्ररोगांची ब्रॅडी संस्था उभी राहिली. लहानपणी गुडघा फुटला की लावले जाणारे लाल मर्क्युरोक्रोमही त्यांनीच वैद्यकात आणले.

तरी मला मोठे वाटते ते त्यांचे हिशेब ठेवणे. रुग्ण घरी गेला म्हणजे काम संपले, असे त्यांनी मानले नाही. 1945 मध्ये, म्हणजे मृत्यूच्याच वर्षी, त्यांनी आपल्या शस्त्रक्रियेचा चार दशकांचा लेखाजोखा प्रसिद्ध केला.

एक उणीव मात्र राहिली होती. कर्करोग निघे, पण लैंगिक क्षमता बहुधा जाई आणि काहींचा लघवीवरचा ताबाही सुटे. 1982 मध्ये त्याच ब्रॅडी संस्थेत डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी ग्रंथीलगतच्या नसा वाचवण्याची पद्धत दाखवली.

आज रोबोटमुळे रक्त कमी जाते, रुग्ण लवकर घरी जातो. पण ऑस्ट्रेलियातील एका तुलनात्मक अभ्यासात दोन वर्षांनी पाहिले, तेव्हा लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता या दोन्हींत उघडी शस्त्रक्रिया व रोबोट यांत फारसा फरक आढळला नाही. हा कर्करोग बहुधा सावकाश वाढतो. त्यामुळे खरा निकाल दहा-पंधरा वर्षांनी कळतो.

म्हणून सर्जनला यंत्राचे नाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. अशा किती शस्त्रक्रिया केल्या? वर्षभराने किती रुग्णांना पॅड लागत नाही? आणि ते रुग्णांचा पाठपुरावा किती वर्षे करतात?